पंधरा दिवसांत दहा किलो? आधी हिशोब करा!

मंडळी, परवा दसमानमधल्या आमच्या इमारतीत एक पत्रक आले: ‘१५ दिवसांत १० किलो घटवा! पथ्य नको, व्यायाम नको.’ किंमत २५ दिनार. ढेरीकडे पाहून माझाही हात खिशाकडे गेला. पण इंजिनियरच्या सवयीने आधी आकडेमोड केली.

एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. दहा किलोंच्या ७७,०००, म्हणजे रोजच्या ५,१०० हून अधिक! खुर्चीत बसून काम करणारा माणूस दिवसाला जेमतेम २,००० ते २,५०० खर्च करतो. पंधरा दिवस कडकडीत उपास केला तरी एवढी चरबी जळणार नाही. काटा झटपट उतरलाच, तर त्यात पाणीच जास्त.

‘वनौषधी’ या शब्दालाही भुलू नका. अशा गोळ्यांत चोरून मिसळलेले सिब्युट्रामिन सापडले आहे. हृदयाला धोका म्हणून भारतात या औषधावर २०११ साली बंदी आली. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असले काही घेऊ नये.

रोज ५०० कॅलरी कमी केल्या, तर महिन्याला साधारण दोन किलो उतरतात. संध्याकाळची चाल वाढवा, तळण कमी करा. आणि हो, २५ दिनार वाचले ते वेगळेच!