पंढरी सुधारावी, पण पंढरीच राहावी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, आमगावी आम्ही राहतो. तरी आषाढी जवळ आली की मन चंद्रभागेच्या वाळवंटी जाऊन उभे राहते.

२०२४ साली श्रीविठ्ठलमंदिराचे जतनकार्य झाले. त्यासाठी पदस्पर्शदर्शन १५ मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत बंद होते. गाभाऱ्यातील चांदीचे आवरण व मागाहून बसविलेली फरशी काढताच मूळचे पाषाणरूप प्रकटले. नवे चढविण्याहून चढलेले उतरविणे, हीच तेथे खरी सेवा ठरली.

मंदिराभोवतीच्या जुन्या गावालाही हाच न्याय लावावा, असे आम्हांस वाटते. अरुंद बोळांत यात्रेची गर्दी कोंडते, हे खरे. म्हणूनच कॉरिडॉरची योजना पुढे आली आणि घरेदारे जाण्याच्या भयाने रहिवाशांनी तिला विरोधही केला. शौचालये, सांडपाणी, सुरक्षित वाट यांची सोय अवश्य व्हावी. पण प्रदक्षिणामार्गावरील वाडे, मठ आणि वारकऱ्यास ओसरी देणारी घरे हीही पंढरीच नव्हे काय? ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला, त्यांच्यावरच आसरा शोधण्याची वेळ येऊ नये.

संतांच्या पायधुळीसाठी नामदेवराय महाद्वारी पायरी झाले, अशी आपली श्रद्धा आहे. त्या पायरीपर्यंतची वाट रुंद व्हावी. मात्र तिच्यावरचे गाव हरवू नये, हेच विठुरायाचरणी मागणे.