प्रोस्टेट कॅन्सर: होणं वेगळं, त्यानं मरणं वेगळं

साठी उलटलेल्या माणसाच्या सोनोग्राफी रिपोर्टवर ‘प्रोस्टेटोमेगाली, ग्रेड टू’ असं छापून आलं की घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. त्या शब्दांचा अर्थ एवढाच, की प्रोस्टेट ग्रंथी वाढली आहे. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून असलेली ही ग्रंथी वयानुसार बहुतेकांची वाढते. वाढते ती मुख्यतः नळीलगतच्या भागात, म्हणून लघवीची धार बारीक होते आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. कॅन्सर मात्र बहुतांशी बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात सुरू होतो. तिथे तो बराच काळ लघवीच्या वाटेत येतच नाही. म्हणजे त्रास आहे म्हणून कॅन्सर असेलच असं नाही, आणि काही त्रास नाही म्हणून निर्धास्त राहावं असंही नाही. ही दुसरी बाजू फारसं कुणी सांगत नाही. रक्ततपासणीत पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन) वाढलेलं आलं तरी तो कॅन्सरच असेल असं नाही: जंतुसंसर्गानं वाढतं, नुसत्या ग्रंथीवाढीनंही वाढतं.

खरा घोळ पुढे आहे. हा आजार मला होईल का, आणि झालाच तर तो माझा जीव घेईल का, हे दोन प्रश्न आपण एकच धरतो. इतर कारणांनी वारलेल्या, ऐंशीच्या पुढच्या पुरुषांचं शवविच्छेदन केलं तर निम्म्याच्या आसपास लोकांच्या ग्रंथीत कॅन्सर सापडतो. तो तिथे होता हे त्यांना कधी कळलंही नव्हतं. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: कुणाची शस्त्रक्रिया, कुणाला रेडिएशन, कुणावर नुसती नियमित तपासणीची नजर. पंधरा वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत मिळून सुमारे ९७ टक्के लोक या कॅन्सरनं गेले नव्हते. पण हे लवकर सापडलेल्यांबद्दल. हाडांत पसरलेल्या आजाराला हा हिशेब लागू होत नाही.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हे वाक्य दोन अर्थांनी फसवं आहे. एकतर बहुतेक रुग्णांच्या घरी हा आजार आधी कुणाला झालेला नसतो. वडील किंवा भावाला झाला असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, हे खरं. उत्तर युरोपातल्या जुळ्यांच्या पाहणीतून २०१६मध्ये या कॅन्सरचं आनुवंशिक अंग सुमारे ५७ टक्के निघालं. ते बहुतेक कॅन्सरांपेक्षा जास्त आहे. मात्र त्याचा अर्थ शंभरातल्या सत्तावन्न रुग्णांना तो बापाकडून आला, असा नाही. माणसामाणसांतल्या धोक्यात जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांचा, इतकंच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात, ‘वडिलांना होता का?’ पेशंट ‘नाही’ म्हणतो आणि विषय संपतो. आजोळची चौकशी राहूनच जाते. २०१३मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री अँजेलिना जोलीनं बीआरसीए-१ या जनुकातल्या दोषामुळे स्तन काढून घेतले, तेव्हापासून बीआरसीए हा बायकांचा मामला अशी समजूत पक्की झाली. त्याचंच भावंड म्हणता येईल असं बीआरसीए-२ हे जनुक तेराव्या गुणसूत्रावर असतं. त्यातला दोष आईकडूनही येतो, वडिलांकडूनही. त्यात दोष असलेल्या पुरुषाला प्रोस्टेट कॅन्सरचा धोका जास्त असतो, तो कमी वयात होतो आणि अधिक आक्रमक असतो. तेव्हा आईला चाळिशीत झालेला स्तनाचा कॅन्सर, मावशीचा अंडाशयाचा, मामाचा स्वादुपिंडाचा, हे सगळं त्या केसपेपरवर यायला हवं. आजार पसरलेल्या ६९२ पुरुषांच्या एका अभ्यासात जवळपास १२ टक्क्यांमध्ये बीआरसीए-२सारख्या डीएनए दुरुस्तीच्या जनुकांतला जन्मजात दोष सापडला. घरात कॅन्सरचा इतिहास नसलेलेही त्यांत होते. अशा काही रुग्णांना ओलापॅरिबसारखं औषध देता येतं, म्हणजे जनुक तपासणीवरून उपचार ठरतो.

मग जीवनशैलीनं काय होतं? अमेरिकेतल्या आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घ पाहणीत जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांपैकी जे वजन आटोक्यात ठेवणारे, दमवणारा व्यायाम करणारे आणि सिगारेट न ओढणारे होते, त्यांना कॅन्सर इतरांइतकाच झाला. मात्र जीवघेण्या आजाराचं प्रमाण सुमारे ४५ टक्के कमी होतं. अभ्यासातले बहुतेक गोरे अमेरिकन, त्यामुळे आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये. त्याच पाहणीतल्या रुग्णांमध्ये, निदानाच्या वेळी सिगारेट ओढणाऱ्यांचा प्रोस्टेट कॅन्सरनं मृत्यू होण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा ६१ टक्के जास्त होता. निदानाआधी सोडून दहा वर्षं झालेल्यांचा धोका जवळजवळ कधीच न ओढणाऱ्यांइतकाच. ‘इतकी वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग?’ असं म्हणणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

गोळ्यांचं मात्र उलटंच निघालं. सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वावर ३५ हजारांहून अधिक पुरुषांची ‘सिलेक्ट’ चाचणी झाली. उपयोग दिसेना म्हणून २००८मध्ये गोळ्या थांबवल्या. २०११च्या निकालात नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला. भाज्यांचाही औषधासारखा उपयोग दिसला नाही: देखरेखीखाली असलेल्या ४७८ रुग्णांपैकी काहींना रोज सात वाढण्या भाज्या खायला प्रवृत्त केलं, पण दोन वर्षांत आजाराच्या वाढीत फरक पडला नाही. भाज्या खाव्यातच, पण त्यांना औषध म्हणून विकणाऱ्यांपासून लांब राहावं. 

पीएसए कधी करावी? युरोपातल्या मूत्ररोगतज्ज्ञांचा सल्ला असा: सर्वसाधारण पुरुषानं पन्नाशीपासून, घरात इतिहास असेल तर पंचेचाळीसपासून आणि बीआरसीए-२चा दोष माहीत असेल तर चाळिशीपासून, तेही फायदे-तोटे नीट समजून घेऊन. जनुक तपासणीआधी समुपदेशकाशी बोलून घ्यावं. दोष सापडलेल्या बापाच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि मुलीच्या बाबतीत तो स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका ठरतो.