नाकावरचा रिमोट

पट्टेबाजीत, लाठीत, कुस्तीत ‘पवित्रा’ या शब्दाला नेमका अर्थ आहे. पवित्रा म्हणजे वार नव्हे आणि डावही नव्हे. डावाआधी शरीर ज्या तयारीत उभं राहतं ती ठेवण. वजन कोणत्या पायावर, हात कुठे, नजर कुठे हे एकदा ठरलं की पुढच्या हालचालींपैकी बहुतेक आपोआप बाद होतात आणि मोजक्याच उरतात. निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या ‘वारिओवेअर’ मालिकेतल्या दोन व्हिडिओ गेमचा सगळा डोलारा अशा पवित्र्यांवर उभा आहे: २००६ सालचा ‘स्मूद मूव्ह्ज’ आणि २०२३ सालचा ‘मूव्ह इट!’. चार जण जमले की टीव्हीसमोर खेळायचे हे खेळ. नाकाला रिमोट लावून हत्ती व्हायचं, कमरेशी धरून सामुराई व्हायचं, तळहातावर आडवा ठेवून वेटर व्हायचं. हे पाहून पवित्रे म्हणजे वरून भुरभुरलेला गमतीचा मसाला आहे, असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. माझ्या मते हे पवित्रे म्हणजे फार थोडं जाणणारं यंत्र आणि वाटेल तसं हलू शकणारं शरीर यांच्यात झालेला करार आहे. यंत्राचं अज्ञान झाकण्याऐवजी त्याच्यावरच खेळ रचण्याचं शहाणपण या करारात आहे, आणि त्याची पुरेशी दखल अजून घेतली गेलेली नाही.

हे समजण्यासाठी मालिकेच्या सुरुवातीकडे जावं लागतं. वारिओ हे पात्र १९९२ मध्ये मारिओचा हावरट प्रतिस्पर्धी म्हणून जन्मलं. २००३ मध्ये गेम बॉय अ‍ॅडव्हान्सवर आलेल्या पहिल्या ‘वारिओवेअर’मध्ये तो पैशासाठी स्वतःची गेम कंपनी काढतो. या खेळात दोनशेहून अधिक सूक्ष्म खेळ होते, एकेक जेमतेम पाच सेकंदांचा. पडद्यावर एक शब्द झळकायचा, ‘चुकव’ किंवा ‘पकड’ असा, आणि काय करायचं ते त्या पाच सेकंदांत ओळखून करूनही दाखवायचं. एका शब्दावर हे निभायचं कारण हातातल्या यंत्रावर करण्याजोगं फारसं काही नव्हतं: दिशांची एक कळ आणि एक बटण. ‘चुकव’ म्हटलं की दाबायचं कुठे हे जवळजवळ ठरलेलंच होतं. शिकवणीचा वेळ शून्य असूनही खेळ चालला तो या दारिद्र्यामुळे, आणि ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. २००४ च्या ‘ट्विस्टेड!’मध्ये खेळाच्या कार्ट्रिजमध्येच गायरो संवेदक बसवला होता, म्हणून अख्खा गेम बॉय गोल फिरवता यायचा. तिथेही कृती एकच होती, फिरवणं.

मग आलं वी, निन्टेन्डोचं टीव्हीला जोडायचं यंत्र. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष सतोरु इवाता यांनी सप्टेंबर २००५ मध्ये टोकियो गेम शोमध्ये त्याचा रिमोट दाखवला आणि २००६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये यंत्र जगभर विक्रीला आलं. जपानमध्ये त्याच दिवशी, २ डिसेंबरला, ‘स्मूद मूव्ह्ज’ही आला. तिथलं त्याचं नाव ‘ओदोरु मेड इन वारिओ’, म्हणजे नाचणारा. आता खेळाडूच्या हातात दोन कळा नव्हत्या. हातभर हवा होती. ‘चुकव’ म्हटल्यावर कोणी मान वळवेल, कोणी हात झटकेल, कोणी उडी मारेल. एका शब्दाचा हुकूम आता अपुरा होता, आणि शब्द वाढवले तर पाच सेकंद संपणार होते. हा पेच पवित्र्याने सोडवला. सूक्ष्म खेळ सुरू होण्याआधी रिमोट कसा धरायचा त्याचं चित्र दिसतं. चित्र छत्रीचं असेल तर रिमोट मुठीत उभा. मोटारचालकाचं असेल तर दोन्ही हातांत आडवा. असे वीसएक पवित्रे आहेत. एकदा ‘मोटारचालक’ झालात की ‘चुकव’ या शब्दाला एकच अर्थ उरतो. दिशांच्या कळेचं दारिद्र्य शरीरावर परत आणलं, असंही म्हणता येईल, आणि या मांडणीतली मला सगळ्यात देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

यंत्राच्या बाजूनेही ही मदत अत्यावश्यक होती. वी रिमोटमध्ये तीन अक्षांवरचं त्वरण मोजणारी एक चिप होती, गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तिप्पट जोरापर्यंत मोजणारी. रिमोट स्थिर असताना ही चिप फक्त पृथ्वीची ओढ मोजते, म्हणजे खाली कुठे आहे तेवढं सांगते. त्यावरून रिमोट उभा आहे, आडवा आहे की उलटा आहे हे कळतं. पण तो उभाच ठेवून गोल फिरवला तर चिपला पत्ता लागत नाही, कारण ‘खाली’ बदललेलं नसतं. पुढच्या टोकाला एक अवरक्त कॅमेरा असतो आणि टीव्हीजवळच्या पट्टीतले दिवे त्याला दिसतात, पण रिमोट टीव्हीकडे रोखलेला असेल तरच. म्हणजे तळहातावर आडवा ठेवलेला रिमोट आणि त्याच दिशेने टेबलावर ठेवलेला रिमोट स्थिर असताना सारखेच आकडे पाठवतात. नाकावरचा आणि छातीसमोर तसाच धरलेला यांतला फरकही यंत्राला ओळखू येत नाही. तुम्ही हत्ती झालात का, हे त्याला कधीच कळणार नाही. तुम्ही हत्ती झाला आहात असं धरून ते पुढचे पाच सेकंद वाचतं. भरवसा आधी, मोजमाप नंतर, असा हा क्रम आहे.

इथे नावांचं महत्त्व येतं. ‘उपकरण उजव्या मुठीत क्षितिजलंब धरा’ अशी सूचना कोणाच्या लक्षात राहणार नाही. ‘छत्री’ म्हटलं की मूठ आपोआप वळते. मराठी वाचकाला हे नवं नाही. भुजंगासन, वृक्षासन, मयूरासन ही नावं शरीराच्या कोनांचं वर्णन करत नाहीत, एक प्रतिमा देतात आणि शरीर त्या प्रतिमेकडे स्वतः सरकतं. ‘स्मूद मूव्ह्ज’मध्ये प्रत्येक नवा पवित्रा एक संथ, गंभीर आवाज एखाद्या गुरूने दीक्षा द्यावी तसा समजावून देतो, आणि रिमोटला तिथे एखाद्या पुरातन दंडाचा मान आहे. हा थाट हसवतो खरा, पण शिकवणीचं कामही तोच करतो. संथ आवाजात एकदा ऐकलेली ठेवण नंतर अर्ध्या सेकंदात आठवावी लागते, आणि ती आठवते. एका पवित्र्यात तर रिमोट टेबलावर ठेवून हात मोकळे सोडायचे. मग रिमोटमधून फोनची घंटी वाजते आणि तो झटकन उचलून कानाला लावायचा. यंत्र इथे जवळपास काहीच मोजत नाही. उचलला की नाही, एवढंच. तरी मालिकेतल्या सगळ्यांत चोख सूक्ष्म खेळांमध्ये मी त्याची गणना करेन, कारण त्यात यंत्राची कुवत आणि माणसाची कल्पना यांची वाटणी अगदी योग्य जागी झाली आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, यंत्राला कळतच नसेल तर पवित्रा घ्यायचाच कशाला? सोफ्यावर रेलून मनगटाच्या झटक्याने काम होतं. हे खरं आहे. ‘वी स्पोर्ट्स’चं टेनिसही मनगटावर जिंकता येतं, हे खेळणाऱ्यांना लवकरच समजलं होतं. पण लोकांनी केलं काय, ते पाहा. यंत्र बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तोच रिमोटच्या मनगटपट्ट्या तुटू लागल्या आणि रिमोट हातातून सुटून भिरकावले जाऊ लागले. डिसेंबर २००६ मध्ये निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख पट्ट्या बदलून देण्याची तयारी दाखवली आणि दोरीची जाडी ०.६ मिलिमीटरवरून १ मिलिमीटर केली. पुढच्या वर्षी रिमोटवर चढवायचं रबरी आवरणही आलं. झटक्यात भागत असताना लोक जीव तोडून हात फिरवत होते. एका हिशेबाने हा अपघातांचा तपशील आहे; माझ्या लेखी तो मोठा पुरावा आहे. शरीराला पूर्ण हालचाल हवी असते, आणि यंत्राने ती मागितली नाही तरी माणूस ती देतो.

शिवाय पवित्रा यंत्रासाठी जेवढा असतो त्याहून अधिक आसपास बसलेल्यांसाठी असतो. ‘स्मूद मूव्ह्ज’च्या सामूहिक भागात बारा जण खेळू शकतात, आणि तेही एकाच रिमोटवर, तो हातोहात पुढे देत. म्हणजे कुठल्याही क्षणी एक जण खेळतो आणि अकरा जण बघतात. हे अकरा जण पडद्याकडे कमी आणि डोक्यावर रिमोट धरून उभ्या असलेल्या माणसाकडे जास्त पाहतात. जो सोफ्यावर रेलून मनगट झटकतो तो कदाचित फेरी जिंकेल, पण त्या खोलीत तो खेळात नसतो. यंत्र जी लबाडी पकडू शकत नाही ती माणसं पकडतात. संवेदकाला जमत नाही ते पंचाचं काम प्रेक्षकांवर सोपवून हा खेळ मोकळा होतो. ‘योहान सेबास्तियन जाउस्ट’ या स्वतंत्र निर्मात्यांच्या खेळाने तर पडदाच काढून टाकला: बाखचं संगीत संथ वाजत असताना हातातला प्लेस्टेशनचा मूव्ह कंट्रोलर फार हलू न देता दुसऱ्याचा हलवायचा. त्यातही सगळी नजर माणसांकडेच असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं कच्च्या यंत्राचं समर्थन झालं, संवेदक सुधारले की पवित्र्यांची गरजच उरणार नाही. इतिहास तसं सांगत नाही. २००९ मध्ये मोशनप्लस या जोडणीने रिमोटला गायरो मिळाला आणि फिरणं मोजता येऊ लागलं. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कायनेक्टने अख्खं शरीर कॅमेऱ्याने टिपायला सुरुवात केली. हातात काहीच धरायचं नाही, ही त्याची घोषणा होती. २०१७ मध्ये कायनेक्टचं उत्पादन थांबलं. त्याची कारणं अनेक होती, पण एक कारण मला पवित्र्याशी जोडलेलं दिसतं. ज्या यंत्राला सगळं दिसतं असं सांगितलेलं असतं, त्याची प्रत्येक चूक खेळाडूला फसवणूक वाटते. उलट २००९ चा ‘जस्ट डान्स’ फक्त एका हातातला रिमोट मोजायचा, पायांकडे पाहतही नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकृत्या पुढची ठेवण आधी सांगायच्या, आणि ती मालिका आजही सुरू आहे. कोपऱ्यातली ती आकृती म्हणजे पवित्राच.

‘मूव्ह इट!’ मात्र या कराराची कठीण परीक्षा होता, आणि त्यात तो सगळीकडे उत्तीर्ण झाला असं मी म्हणणार नाही. हा खेळ ३ नोव्हेंबर २०२३ रोजी निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला. इथे दोन हातांत दोन जॉय-कॉन, म्हणजे स्विचचे छोटे कंट्रोलर, असतात; कथेत त्यांना जादूच्या दगडांचं रूप दिलेलं. प्रत्येकात त्वरणमापकही आहे आणि गायरोही. सूक्ष्म खेळ पुन्हा दोनशेहून जास्त. हात वर ताणायचे, उकिडवं बसायचं, एक हात चोचीसारखा नाकाशी आणि दुसरा शेपटीसारखा मागे धरून कोंबडी व्हायचं. पण दोन हात आले की दोघांमधलं नातं येतं, आणि एक जॉय-कॉन दुसऱ्यापासून किती लांब आहे हे कोणत्याच संवेदकाला कळत नाही. योग्य केलेली हालचाल वाचली न गेल्याची तक्रार अनेक समीक्षकांनी केली. ती रास्त होती. जिथे सूक्ष्म खेळाने ठेवणीपेक्षा जास्त, म्हणजे नेमकी जागा मागितली, तिथे तो घसरला. जिथे ठेवणीवर आणि एका ठसठशीत हालचालीवर तो थांबला, तिथे २००६ इतकाच ताजा राहिला. करार मोडल्यावर खेळ बिघडतो, हे या अपयशातूनही दिसतं.

उठबस ज्यांना शक्य नाही किंवा दोन्ही हात ज्यांना वापरता येत नाहीत अशांसाठी हे खेळ दार बंद करतात, हा आक्षेप मी पूर्णपणे खोडू शकत नाही. संवेदकाला जागा कळत नसल्यामुळे बरेच पवित्रे खुर्चीत बसूनही घेता येतात, आणि आधी म्हटलेली ‘लबाडी’ इथे हक्काची सोय ठरते. पण दोन हात मागणाऱ्या खेळात ज्याला एकच वापरता येतो, त्याला ही सोय पुरत नाही. पवित्र्यांची एवढी कल्पक यादी रचणाऱ्यांनी प्रत्येक पवित्र्याला एक पर्यायी ठेवण द्यायला हवी, आणि ते त्यांना अवघड नाही.

‘मूव्ह इट!’मधला एक पवित्रा या सगळ्यांहून वेगळा आहे. त्यात उजव्या जॉय-कॉनच्या टोकाच्या अवरक्त कॅमेऱ्यासमोर नुसता हात धरायचा. बोटं किती उघडी आणि मूठ वळली का, हे कॅमेरा पाहतो. इथे यंत्राला खरोखर दिसतं, आणि त्याला दिसणारा हात रिकामा असतो. नेमका हाच पवित्रा आता धोक्यात आहे. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ च्या नव्या जॉय-कॉनमधून हा कॅमेरा काढून टाकला आहे, आणि त्या यंत्रावर ‘मूव्ह इट!’ पुरता खेळायचा तर जुने जॉय-कॉन जोडावे लागतात. हत्ती, छत्री, वेटर कुठल्याही संवेदकावर पुन्हा रचता येतील. उघड्या तळहाताचा पवित्रा त्या चिमुकल्या कॅमेऱ्याशिवाय रचता येणार नाही. घरात जुने जॉय-कॉन असतील तर ते भंगारात देऊ नका.