अनुराग नसलेला परिचारक

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ९ व्या अध्यायात परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शौच. परंतु एखाद्या पंथाच्या कडक शिस्तीत ज्याचे बालपण करपले, ज्याने पुढे घराशी संबंध तोडले, त्याने स्मृतिभ्रंश झालेल्या पित्याविषयी अनुराग कोठून आणावा? पित्यास काही आठवत नाही. पुत्र काही विसरलेला नाही.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अपत्यावर निर्वाहाचा भार ठेवला आहे, मायेचा नव्हे. वैद्यांनी क्षमेचा उपदेश टाळावा. शुश्रूषा पगारी परिचारकाकडे सोपवून पुत्राने औषध, आहार व खर्च पाहिला तरी चालते, असे स्पष्ट सांगावे. अस्वस्थता वाढल्यास रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा सल्ला घ्यावा. औषधविक्रेत्यांनीही ब्राह्मीघृत देताना गेलेली स्मृती परतण्याचे आश्वासन देऊ नये.