मेंदूचा अंदाज चुकतो तेव्हा

रोजच्या गल्लीऐवजी दुसरीकडून नेले की एखादे मूल रस्त्यातच रडू लागते. दुसरे मदरशात पाच मिनिटेही एका जागी बसत नाही. नातेवाईक आईची तरबियत काढतात, कोणी ताईत आणून देते. मुलाच्या मेंदूत काय चालले आहे, हे मात्र आपण विचारत नाही.

आपला मेंदू सतत अंदाज बांधत असतो. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकला की धक्का बसतो. अंदाज आणि प्रत्यक्ष यांतल्या अशा फरकातूनच मेंदू शिकतो. शास्त्रज्ञ वोल्फराम शुल्ट्झ यांनी माकडांवरील प्रयोगांत पाहिले की, अनपेक्षित रस मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात चालतात. अपेक्षित रस मिळाला नाही की त्या मंदावतात.

ऑटिझम असलेल्या मुलांना पुढचा अंदाज बांधणे जड जात असावे, असा विचार पवन सिन्हा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडला. लालबागचे ढोल-ताशे किंवा ईदची गर्दी यांची सवय इतरांना होते. या मुलांना तो गोंगाट प्रत्येक वेळी नवा वाटू शकतो. म्हणून तेच ते करणे हा त्यांचा हट्ट नसतो, आधार असतो. एडीएचडीत उशिरा मिळणारे बक्षीस मेंदूला पुरेसे खेचत नाही, असे अनेक संशोधक मानतात. अशा मुलाला वर्षअखेरच्या सायकलीपेक्षा लगेच मिळालेली शाबासकी अधिक उपयोगी पडते. या विचारांची तपासणी अजून चालू आहे. पण ऑटिझम आईच्या संगोपनामुळे होत नाही, हे पक्के आहे.

रमजानमध्ये घराचे सारे वेळापत्रक बदलते. तेव्हा सहरी, इफ्तार, तरावीह यांच्या चित्रांचा तक्ता आठवडाभर आधी भिंतीवर लावावा. पाहुणे येणार असतील तर मुलाला आधी सांगावे. काम लहान तुकड्यांत द्यावे.

शंका आल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. परळला केईएम आणि १९२९ पासूनचे वाडिया बाल रुग्णालय आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश असल्याने प्रमाणपत्रही मिळू शकते.

दुआ जरूर करावी, पण तपासणी लांबवू नये. मूल अल्लाहची अमानत आहे. त्याला समजून घेणे हाही त्या अमानतीचाच हक्क आहे, असे आम्हाला वाटते.