जल्लोष त्यांचा, माज आमचा?

परळच्या एका मैदानात रात्रीच्या दिव्यांखाली झालेला कबड्डीचा सामना आम्हाला आठवतो. शेवटची चढाई होती आणि आमच्या वस्तीतला संघ दोन गुणांनी मागे होता. एक काटकुळा पोरगा चढाईला गेला, तिघांना बाद करून मध्यरेषेला हात टेकवून परत आला. सामना जिंकला. त्याने काय केले? मांडीवर एक सणसणीत थाप मारली आणि प्रेक्षकांकडे बघून दोन्ही हात वर केले. लगेच ध्वनिक्षेपकावरून आवाज आला, "जिंकलात ना? आता माज करू नका!"

याच सामन्यात समोरचा संघ प्रत्येक गुणाला मांड्या थोपटत होता. तेव्हा हाच आवाज "वा, काय जोश आहे!" म्हणत होता. एकाच कृतीला दोन नावे मिळाली. त्यांनी केली तर जोश, आमच्या पोराने केली तर माज. पोराने मान खाली घातली. आम्ही शंभरेक माणसे तिथे होतो, आम्हीही गप्प बसलो. ते गप्प बसणे आजही टोचते. म्हणूनच आज या विषयावर लिहायला बसलो आहोत. जिंकल्यावर आनंद कसा करावा, किती करावा, हे ठरवते कोण?

हा प्रश्न परळपुरता आहे असे कुणी समजू नये. सातासमुद्रापार एका वेगळ्याच खेळात हाच वाद वर्षानुवर्षे चालू आहे. तो खेळ म्हणजे सर्फिंग. समुद्राच्या उसळत्या लाटेवर फळीवर उभे राहून तोल सांभाळत घसरत जायचे, असा हा खेळ. आपल्या गिरगाव किंवा दादर चौपाटीच्या लाटांवर तो होत नाही, पण टोकियो ऑलिंपिकपासून, म्हणजे २०२१ पासून, तो ऑलिंपिकमध्ये आला आहे. यात धावण्यासारखे घड्याळ नसते, फुटबॉलसारखा गोल नसतो. पाच परीक्षक प्रत्येक लाटेला दहापैकी गुण देतात. त्यातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढतात. खेळाडूच्या सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज धरली जाते. म्हणजे सगळा खेळ परीक्षकाच्या नजरेवर.

या खेळात 'क्लेम' नावाचा एक प्रकार आहे. लाट पार करून बाहेर आल्यावर खेळाडू मूठ उंचावतो, हात पसरतो, बोट आकाशाकडे रोखतो. "ही लाट मी जिंकली" असा तो दावा. २९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या सर्फिंग स्पर्धेत, ताहिती बेटावरच्या तेआहुपो येथे, ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनाने ९.९० गुणांची लाट मारली आणि लाटेवरून हवेत उसळी घेतली. एक बोट आभाळाकडे, शेजारी त्याची फळीही त्याच्यासारखीच ताठ उभी. जेरोम ब्रुइये या छायाचित्रकाराने टिपलेला तो क्षण जगभर गाजला. आपल्याकडच्या पोरांच्या मोबाइलवरही तो फिरला.

पण हेच बोट याआधी अनेकांना खुपत होते. या खेळाची सूत्रे बराच काळ अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या मंडळींच्या हाती होती. त्यांचा अलिखित शिष्टाचार असा की, खऱ्या खेळाडूने शांत राहावे, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने पाण्याबाहेर यावे. मग ब्राझीलची पोरे आली. २०१४ साली मेदिना जगज्जेता झाला, ब्राझीलचा पहिला. २०१५ साली अद्रियानो दि सूझा, तो गरीब वस्तीत वाढलेला. २०१९ साली इतालो फेरेरा. इतालोचा बाप मच्छीमारांकडून मासळी घेऊन विकायचा. मासळी ठेवायच्या थर्माकोलच्या पेटीचे झाकण घेऊन हा पोरगा लाटांवर शिकला आणि २०२१ साली ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक घेऊन गेला. ही पोरे प्रत्येक चांगल्या लाटेनंतर ओरडत, छाती पिटत, रडत. त्यावर टीका झाली की, यांना शिस्त नाही, हे परीक्षकांवर दबाव आणतात.

टीकेत काहीच तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. परीक्षकाच्या नजरेवर गुण ठरत असतील, तर साध्या लाटेनंतर हात उंचावून गुण वाढवून घेण्याचा मोह कुणालाही होईल, आणि ते योग्य नाही. पण क्लेम गोऱ्या खेळाडूंनीही केले होते. त्यांचा तो 'उत्कट क्षण' ठरला, ब्राझीलच्या पोरांचा मात्र 'तमाशा'. परळच्या ध्वनिक्षेपकावरचा आवाज वाचकांना इथे ऐकू येतो की नाही?

आणि शिष्टाचार शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणता शिष्टाचार पाळला? हा खेळ मुळात हवाई बेटांवरच्या मूळ रहिवाशांचा. तिथेही पूर्वी उच्चनीच होते. सरदारांच्या लांब फळ्या वेगळ्या, सामान्यांच्या आखूड वेगळ्या, काही किनारे तर फक्त सरदारांसाठी राखीव. 'कापू' नावाची ती निषेधांची व्यवस्था १८१९ साली मोडली. पाठोपाठ आलेल्या मिशनऱ्यांनी हा खेळच वाईट ठरवला. पुढे गोऱ्यांनी तो उचलला, आपला केला. १९७२ साली त्याच हवाईचा एडी आइकाऊ हा नामांकित खेळाडू स्पर्धेसाठी दक्षिण आफ्रिकेत डर्बनला गेला, तेव्हा त्याच्या कातडीच्या रंगामुळे त्याला हॉटेलात खोली नाकारली गेली. तिथला समुद्रकिनाराही वर्णभेदाने वाटलेला होता. ज्यांच्या पूर्वजांनी खेळ दिला, त्यांनाच दार बंद. पाण्याला वर्ण असतो, हे चवदार तळ्याच्या लेकरांना कुणी वेगळे समजावून सांगायला नको.

सर्फिंगमध्ये जल्लोषाची आणखी एक रीत आहे. अंतिम फेरी जिंकणाऱ्याला त्याचे सोबती खांद्यावर उचलतात आणि वाळूवरून मिरवत नेतात. ही रीत वाचली आणि आम्हाला आपल्याच मुंबईतला एक खांदा आठवला.

पालवणकर बंधूंचे नाव आजच्या तरुणांपैकी किती जणांना ठाऊक आहे? बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. चर्मकार समाजातले हे चार भाऊ. थोरले बाळू पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान सांभाळत, त्यांना सरावासाठी गोलंदाजी करत. त्यांची फिरकी एवढी जबरदस्त की, हिंदूंच्या संघाला त्यांना घेतल्याशिवाय गत्यंतर उरले नाही. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालायचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. चेंडूला विटाळ नाही, कपाला विटाळ! १९११ साली ते हिंदी संघातून इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी दिले गेले नाही. १९२० साली बाळूंना वगळले आणि विठ्ठल व शिवराम यांना डावलून कर्णधारपद दुसऱ्याला दिले, तेव्हा हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघातून बाहेर पडले. क्रिकेटच्या मैदानावरचा हा सत्याग्रहच होता.

अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. दक्षिण मुंबईच्या मैदानावर त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंच्या संघाने चौरंगी स्पर्धेत गोऱ्यांच्या संघाला हरवले. लोक मैदानात धावले आणि उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या तरुणांनी विठ्ठलना खांद्यावर उचलले. त्या काळच्या वृत्तपत्री लिखाणात या दृश्याचे मोठे कौतुक झाले. अस्पृश्यता आता संपत आली, असेही अनेकांना वाटले.

वाटणे सोपे होते. त्याच १९२३ सालच्या ऑगस्टमध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला होता की, सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. दादरच्या ज्या एस. के. बोले रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो, ते हेच बोले. ठराव झाला, विठ्ठल खांद्यावर चढले, आणि पाणी? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसे घेऊन महाडला जावे लागले. ओंजळभर पाणी प्यायले म्हणून आमच्या माणसांची डोकी फुटली. मैदानात खांदा मिळाला, तळ्यावर काठी मिळाली. चार वर्षांच्या अंतराने, एकाच इलाख्यात.

जल्लोषाचा खांदा आणि समतेचा खांदा यांत हा फरक आहे. जिंकणारा घामाने भिजलेला असतो तोवर त्याला उचलतात, संध्याकाळी घरी जाताना त्याला त्याच्या जागेवर ठेवतात. आणि उचलल्याची किंमतही वसूल करतात. १९३७ साली भायखळा-परळच्या मतदारसंघात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने कुणाला उभे केले? याच बाळूंना. ज्यांना मैदानात कर्णधार होऊ दिले नाही, त्यांना बाबासाहेबांना अडवण्यासाठी मात्र पुढे केले. बाबासाहेब निवडून आले. बाळूंच्या खेळाविषयी आमच्या मनातला आदर त्याने कमी होत नाही, पण त्यांना वापरणाऱ्यांचा हिशेब विसरताही येत नाही.

ही जुनी गोष्ट झाली असे कुणी म्हणेल. मग आजच्या गिरगाव, दादर, लालबागची दहीहंडी बघा. पूर्वी गल्लीतली पोरे गल्लीतली हंडी फोडायची, चाळीच्या गॅलरीतून बायाबापड्या पाणी ओतायच्या, जमलेल्या चिल्लरवर सगळ्यांचा खाऊ व्हायचा. मग व्यासपीठे आली, लाखांची बक्षिसे आली, डीजे आला. २०२२ साली राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा जाहीर केला आणि २०२३ पासून गोविंदांची लीगही सुरू झाली. संस्कृती बदलते, त्याबद्दल तक्रार नाही. सुरक्षेची दोरी आली, हेल्मेट आले, चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात घ्यायला मनाई झाली, हे चांगलेच झाले. पण जल्लोष बघा कुणाचा होतो. सगळ्यात खालच्या थरात कष्टकऱ्यांची पोरे, खांद्यावर सात-आठ थरांचा भार. फलकावर फोटो मात्र ज्यांनी एक पायरीसुद्धा चढलेली नाही त्यांचा. थर लागला की नाचतो व्यासपीठावरचा नेता. थर कोसळला की केईएममध्ये जातो खालचा गोविंदा.

गंमत अशी की, ज्या मांडीवरच्या थापेला परळमध्ये माज म्हटले गेले, तीच थाप २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने आपली ओळख बनवली. आता ती जाहिरातीत दिसते आणि मोठमोठे लोक हसत हसत मांडी थोपटतात. गल्लीतल्या पोराची खूण पैसेवाल्यांनी घेतली की ती सभ्य होते!

आता थोडे आपल्याकडेही बघू. १४ एप्रिलच्या आमच्या आनंदावर नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. ६ डिसेंबरला दादरला येणाऱ्या, शांतपणे रांगेत उभ्या राहणाऱ्या लाखोंबद्दलही ज्यांना फक्त कचरा दिसतो, त्यांच्याकडून शिष्टाचार शिकायची आम्हाला गरज नाही. पण म्हणून आमच्या मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंती बरोबर ठरतात का? परळ हा रुग्णालयांचा भाग आहे. केईएम, टाटा, वाडिया. आतमध्ये खेड्यातून आलेला आमचाच बाप, आमचीच बहीण खाटेवर असते. त्यांच्या खिडकीखाली ढणाढणा वाजवणे हा बाबासाहेबांचा जल्लोष नव्हे. हाच नियम गणपतीच्या मिरवणुकीलाही लागू आहे, आणि तो दोघांनाही सारखाच लागू करा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

म्हणजे मोजपट्टी हवी, पण ती सर्वांना एक हवी. आनंदाने कुणाला इजा होते का? हरलेल्याचा अपमान होतो का? न कमावलेले श्रेय लाटले जाते का? या तीन प्रश्नांची उत्तरे नाही असतील, तर पोराने हात उंच करावेत, बोट आभाळाकडे रोखावे, हवे तर रडावेसुद्धा. हजारो वर्षे ज्यांना मान वर करायची बंदी होती, त्यांच्या मुलाने जिंकल्यावर मान वर केली तर तो माज नसतो.

विठ्ठलनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध केले. आमच्या वस्त्यांतल्या वाचनालयांनी ते शोधून काढावे, क्रीडा मंडळांनी पालवणकर बंधूंच्या नावाने एखादा कबड्डीचा, एखादा क्रिकेटचा चषक ठेवावा. त्या सामन्यात ध्वनिक्षेपक आपल्या हाती असेल. शेवटच्या चढाईवरून परतलेला पोरगा, तो कुठल्याही वस्तीतला असो, मांडीवर थाप मारील तेव्हा त्या ध्वनिक्षेपकावरून काय ऐकू यावे, हे आपण आजच ठरवून ठेवू.

जयभीम!