घरपट्टीचा आकडा येतो कुठून?
जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे महापालिका २००३ साली आली. घरपट्टीचा पाया मात्र जुनाच: घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती मिळेल? स्वतः राहत असलात तरी हाच हिशेब. समजा महिना १,००० रुपये, म्हणजे वर्षाचे १२,०००. दुरुस्तीपोटी १० टक्के वजा जाता उरले १०,८००. हे करयोग्य मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर, अग्निशमन कर, वृक्षकर अशा ओळी चढतात. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर पालिका फक्त वसूल करते. तो पैसा राज्य सरकारचा. उरलेल्यातून दिवाबत्ती, झाडलोट, गटारी, रस्ते. बिलावर आधी क्षेत्रफळ आणि वापराचा प्रकार तपासा. तिथंच चूक असेल तर खालची प्रत्येक ओळ फुगते. मुदतीत लेखी हरकत घ्याच.